नक्कल केलीत, पण ताळा केलात का?

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. मागच्या वेळी परसातल्या सोनचाफ्यावर लिहिलं तेव्हा तुम्ही फार कौतुक केलंत. तसलं गोडगोड आज काही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते.

भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य असं : "काळजी करू नका, सगळ्याची कॉपी आहे."

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. एकदा एका बँकेच्या काउंटरवर, एकदा सातबारा काढायला गेले होते तिथे, आणि तिसऱ्यांदा आमच्या दादाच्या तोंडून. दादा फोनवर म्हणाला, "अगं, अण्णांची ती ट्रंक अजून सांभाळत बसलीयस? आता सगळं ऑनलाइन आहे, कॉपी आहे सरकारकडे. दे रद्दीत."

ट्रंकेत काय आहे? हाताने लिहिलेले सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, शेतसाऱ्याच्या पावत्या, अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला. वाळवीपासून वाचवायला मी दर उन्हाळ्यात ते सगळं ऊन दाखवून पुन्हा भरते. घरातल्यांना तो माझा म्हातारचळ वाटतो. वाटू दे.

या वाक्याचा मी पिच्छा पुरवला तो माझ्या भाच्यामुळे. दादाचाच मुलगा. पुण्याला डेटाबेसचं काम करतो. गणपतीत तो पामला आला तो डोळे लाल करूनच. मी म्हटलं, "काय रे, आजारी आहेस का?"

"नाही गं आत्या, झोप नाही. एका मोठ्या डेटाबेसचं रेप्लिकेशन उभं करतोय."

"म्हणजे काय करतोस?"

"कॉपी. पण नुसती कॉपी नाही. इथे एक अक्षर बदललं की तिथेही बदलायला पाहिजे, अशी जिवंत कॉपी."

"मग त्यात झोप उडण्यासारखं काय? नक्कल तर करायची."

तो हसला. म्हणाला, "चाळीस टेराबाइट आहे आत्या. एक गिगाबिटची लाइन सगळी त्यालाच दिली, तरी नुसतं पोचवायला साडेतीन दिवसांहून जास्त लागतात. शंभर मेगाबिटची असेल तर सदतीस दिवस. आणि तेवढे दिवस मूळ डेटाबेस थांबत नाही. लोक त्यात लिहीतच असतात."

हे ऐकलं आणि मी एकदम पन्नास वर्षं मागे गेले. कारण हे काम मी केलेलं आहे!

आमच्या शाळेत एका पावसाळ्यात छत गळलं आणि जनरल रजिस्टर भिजलं. शाळेशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा प्राण. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, कधी आला, कधी गेला, सगळं त्यात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. आमच्या पालघर भागात तर त्याचं मोल फार. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी मुलांना अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आता आजोबा-पणजोबांचा तेव्हाचा कुठला कागद असणार घरात? बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ, एवढाच. ती ओळ पुसली की नातवाची फी-सवलत गेली, राखीव जागा गेली, नोकरी गेली.

तर आम्ही तिघी-चौघांनी ते रजिस्टर नव्या वहीत उतरवायला घेतलं. पानं वाटून घेतली. महिनाभर लागला. पण शाळा थांबली नव्हती. नवे प्रवेश होत होते, जुनी मुलं दाखले नेत होती, आणि हे सगळं मूळ रजिस्टरात लिहिलं जात होतं, आम्ही उतरवून झालेल्या पानांवरसुद्धा. महिन्याने पाहतो तर आमची नवी वही जन्मतःच शिळी!

मग आमच्या जुन्या हेडक्लार्कनी युक्ती सांगितली. नक्कल सुरू करायच्या दिवशी शेवटचा नंबर लिहून ठेवायचा. त्यानंतर मूळ रजिस्टरात जो बदल होईल तो त्याच क्रमाने एका वेगळ्या वहीतही टिपायचा. आधी जुनं सगळं उतरवून संपवायचं. मग त्या वेगळ्या वहीतली एकेक नोंद, क्रम न चुकवता, नव्या रजिस्टरात चढवायची. ती वही संपली की दोन्ही रजिस्टरं सारखी.

भाच्याला हे सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "आत्या, अगदी हेच! आम्ही त्या वहीला लॉग म्हणतो. आधी लॉगमधली जागा नोंदवायची, त्या क्षणाची पूर्ण प्रत काढायची, फार मोठी असेल तर डिस्कवर भरून गाडीने पाठवायची, आणि ती तिकडे बसली की नोंदवलेल्या जागेपासून पुढचा लॉग लावत जायचं. ती प्रत मूळच्या बरोबरीला येईपर्यंत इकडचा लॉग पुसायचा नाही. पुसला की पुन्हा पहिल्यापासून."

त्याला काय सांगू, ही गोष्ट आमच्या महसूल खात्याला संगणकाच्या किती तरी आधीपासून ठाऊक आहे. सातबारा म्हणजे काय? आज जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यात काय पिकतं, हे. ती झाली स्थिती. आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, ती काय? कोण वारलं, कोणी विकलं, कोणी वाटणी केली, ते एकामागून एक, नंबर टाकून लिहिलेलं. ती झाली घडामोड. सातबारा हरवला तरी जुना उतारा आणि पुढचे सगळे फेरफार हाताशी असतील तर तो पुन्हा उभा करता येतो. फेरफारच हरवले तर मात्र आजचं चित्र असं का, हे सांगायला कोणी उरत नाही. भाच्याचा लॉग म्हणजे आमचा नमुना सहा, दुसरं काही नाही.

इथवर माझं भांडण कोणाशीच नाही. उलट या पोरांच्या कामाबद्दल मला आदरच वाटला. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. दोन प्रती अगदी क्षणाक्षणाला सारख्या ठेवायच्या तर मूळ जागी लिहिल्यावर दुसऱ्या जागेहून "पोचलं" असं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा शंभरावा भाग तरी गेलाच. आपल्याला तो काहीच नाही. पण सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्याला तो फार. म्हणून जवळच्या प्रतीला थांबून विचारतात, लांबच्या प्रतीला थांबत नाहीत. लांबची प्रत मग थोडी मागे राहते. लांबची नसून चालत नाही, कारण जवळची प्रत मूळच्याच संकटात सापडू शकते. आम्हाला हे वेगळं सांगायला नको. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. शेजारच्या घरात जाऊन झोपायचं कोणाला सुचलं नाही.

आता आमच्या रजिस्टराचा शेवट सांगते, हसू नका. एवढा महिनाभर खपून नवी वही तयार केली, आणि हेडसरांनी ती मोठ्या मानाने ठेवली कुठे? जुन्या रजिस्टराशेजारी. त्याच कपाटात. त्याच गळक्या छताखाली!

तर मंडळी, "कॉपी आहे" या वाक्यावरचा माझा पहिला आक्षेप हा. कॉपी आहे, पण कुठे आहे? २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फाइली जळाल्या, आणि मग ठिकठिकाणची कागदपत्रं गोळा करून त्या पुन्हा जुळवाव्या लागल्या. ज्या कागदाची प्रत दुसऱ्या गावच्या कार्यालयात होती तो वाचला म्हणायचा. प्रत त्याच मजल्यावर असती तर तिचा उपयोग काय होता?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या घरातला आहे. दादा, हे तू वाचतोयस हे मला ठाऊक आहे. वाच.

अण्णा गेले तेव्हा वारसाचा फेरफार झाला. हाताने लिहिलेल्या सातबारावर आम्हा चारही भावंडांची नावं लागली. पुढे ते सगळं संगणकावर चढलं. कोणा बिचाऱ्याने दिवसाला किती उतारे टाइप केले असतील कोण जाणे. त्यात धाकटीचं, माझ्या बहिणीचं नाव राहून गेलं. आमचं नाव पानाच्या तळाला होतं, तिचं मागच्या बाजूला. पान उलटलं गेलं नसावं. मी दोष देत नाही, मीही रजिस्टर उतरवलेलं आहे.

पण पुढे काय झालं पाहा. आम्हाला हे कळलं ते काही वर्षांनी. मोबाइलवर पाहिलं, नाव नाही. छापील उतारा काढला, नाव नाही. बँकेत कर्जाच्या कागदांत पाहिलं, नाव नाही. जिथे जावं तिथे एकच उत्तर : "बाई, सगळीकडे हेच दिसतंय, म्हणजे हेच बरोबर असणार."

यालाच मी म्हणते नकलेचा फास! चार ठिकाणी तीच चूक होती, आणि ती चार ठिकाणी तीच होती म्हणूनच ती खरी ठरत होती. चार साक्षीदार दिसत होते, पण चौघांनी एकाच्याच तोंडून ऐकलं होतं. रेप्लिकेशनचं काम मुळात जे आहे ते इमानाने तिकडे पोचवणं. मुळात चूक असेल तर ती चूक इमानाने पोचते. कोणी चुकून पुसलं तर पुसणंसुद्धा पोचतं, तेही क्षणात! जितकं रेप्लिकेशन चांगलं तितकी चूक लवकर पसरते.

बहिणीचं नाव वाचवलं ते त्या ट्रंकेने. तलाठ्याच्या सही-शिक्क्याचा हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज केला. महिने गेले, खेटे घातले, पण नाव लागलं. तो कागद रद्दीत गेला असता तर माझ्या बहिणीला स्वतःच्या वडिलांची मुलगी असल्याचं सिद्ध करत फिरावं लागलं असतं. "नाव नसलं म्हणून काय झालं, तुमचं आहेच की," असं म्हणायला आपल्याकडे भाऊ तयार असतात. दादा, तू मनापासून म्हणाला होतास हेही मला माहीत आहे. पण तुझ्या-माझ्यानंतर तुझी सही तुझी नातवंडं करणार. त्यांना काय दिसणार? जे स्क्रीनवर आहे ते.

हे टाळायचा उपाय सरकारला सुचला नव्हता असं नाही. महाराष्ट्रात सातबारे अडीच कोटींच्या घरात. ते संगणकावर आल्यावर २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झालं. संगणकातला उतारा गावासमोर वाचायचा, लोकांनी चुका सांगायच्या, त्या दुरुस्त करायच्या. यापेक्षा चांगला ताळा मला माहीत नाही. मूळ एका हातात, नक्कल दुसऱ्या हातात, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने लाल पेन्सिलने टिकमार्क करायचा, आम्ही शाळेत हेच केलं होतं. आमच्या घरचं त्या दिवशी चावडीवर कोणी गेलं नाही, ती चूक आमची. मग १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला आणि तलाठ्यामागे फिरण्याचे लोकांचे किती हेलपाटे वाचले! मी काही "जुनं तेच सोनं" म्हणणाऱ्यांतली नाही. गावातलं एकुलतं एक दप्तर पावसात भिजलं, वाळवीने खाल्लं, कोणी पान बदललं, तर पूर्वी दाद कुठे मागायची? संगणक आला ते बरंच झालं. माझं म्हणणं एवढंच की चावडीवाचन ही एकदाच करून संपवायची गोष्ट नव्हे.

भाच्याला विचारलं, "तुझ्या चाळीस टेराबाइटचं चावडीवाचन कोण करतं?"

तो म्हणाला, "करता येतं. दोन्हीकडच्या माहितीच्या तुकड्यांची बेरजेसारखी एक खूण काढायची आणि ती जुळते का पाहायची. चेकसम म्हणतात."

"मग करता का?"

"दोन प्रती एकमेकींशी जुळतात का, ते पाहतो. पण मुळातच चूक असेल तर दोन्हीकडे खूण सारखीच येणार." थोडा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू का, वेळ असेल तेव्हाच पाहतो."

वेळ असेल तेव्हा! मुलं परीक्षेत गणित सोडवून ताळा न करता पेपर देऊन मोकळी व्हायची, तीही हेच सांगायची.

ताळा न केल्याने मोठ्यामोठ्यांचं काय होतं, त्याची गोष्ट भाच्यानेच सांगितली. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांची दुसरी प्रत मागे पडली. इतकी, की तिला हवा होता तो लॉग मूळ जागेवरून पुसला गेला होता. (नमुना सहा रद्दीत गेला!) म्हणून दुसरी प्रत रिकामी करून पहिल्यापासून भरायची होती. रात्र झाली होती, माणूस दमलेला. त्याने पुसायची आज्ञा दिली ती दुसऱ्या प्रतीवर असं समजून, आणि ती चालली मूळ डेटाबेसवर. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटमधले साडेचार उरले. दुसरी प्रत तर आधीच रिकामी केलेली. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप आवृत्तीचा मेळ नसल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता, जिथे साठवायचे ती जागा रिकामी, आणि तो होत नसल्याची सूचना देणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. वाचले ते एका योगायोगाने : कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती. सहा तासांचं काम गेलं. त्या कंपनीचं एक कौतुक करायला हवं, त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं. आपल्याकडे "सर्व्हर डाऊन" एवढी पाटी लावून खिडकी बंद होते.

तिसरा आक्षेप त्या लोकांवर, जे म्हणतात, "एवढा प्रचंड डेटा, त्याची कसली कॉपी ठेवणार?" हे मी रचलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात, देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचा एक साठा होता, ८५८ टेराबाइटचा. तो गेला. त्याची दुसरी प्रत नव्हती. का नव्हती? तर साठा फार मोठा होता म्हणून! संगणकात आपल्यापेक्षा किती तरी पुढचा देश हा.

मी गणिताची बाई नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. पण त्रैराशिक येतं. एक गिगाबिटच्या लाइनने ८५८ टेराबाइट पाठवायला ऐंशी दिवस लागतात. ऐंशी! एक मोठी सुट्टी धरा. आणि एकदा पोचल्यावर रोज फक्त बदललेलं पाठवायचं. मोठं आहे म्हणून नक्कल नाही, हे कारण झालं की निमित्त? घरात माणसं जास्त म्हणून कोणी कमी स्वयंपाक करतं का? मोठा डेटाबेस म्हणजे जास्त माणसं. जास्त मुलांच्या जन्मतारखा, जास्त बहिणींची नावं. जितका मोठा तितकी जबाबदारी मोठी, एवढंच मला कळतं.

आणि चौथा, शेवटचा आक्षेप. प्रत आहे, लांब आहे, जुळतेही आहे. पण तिच्यावर कधी काम करून पाहिलंय का?

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. दूरसंचाराच्या लाइनी गेल्या, एक नव्हे, दोन कंपन्यांच्या होत्या. मग माहिती साठवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला. एक्स्चेंजची आपत्कालीन जागा चेन्नईला सज्ज होती. पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. व्यवहार सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळी खोली बांधलेली, पण ऐन वेळी कुलूप काढायचा धीर झाला नाही.

यातून सेबीने धडा घेतला हे मात्र मानलं पाहिजे. त्याच वर्षी मार्चमध्ये नियम कडक केले : अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत कारभार दुसऱ्या जागेवरून सुरू करायचा. आणि २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडला. पहिल्या सत्रात नेहमीच्या जागेवरून, दुसऱ्या सत्रात आपत्कालीन जागेवरून, खरे व्यवहार, खऱ्या पैशांचे. त्याच वर्षी १८ मे ला पुन्हा. याला म्हणतात ताळा! माझ्यासारख्या पेन्शनरीण बाईचा शेअर बाजाराशी काही संबंध नाही, पण त्या शनिवारबद्दल मी त्यांना दहापैकी दहा गुण देते.

आमच्याकडच्या लोकांना यात नवल वाटू नये. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी आहे. आजूबाजूच्या गावांना मॉक ड्रिल ठाऊक आहे. गाड्या कुठून जाणार, लोकांना कुठे नेणार, सगळं करून पाहतात. "केंद्र सुरक्षित आहे, मग कवायत कशाला?" असं कोणी विचारत नाही. सुरक्षित आहे हे कळतंच मुळी कवायतीने. मग ज्या डेटाबेसमध्ये माझी जमीन, माझं पेन्शन, माझ्या विद्यार्थ्यांच्या जातीचे दाखले आहेत, त्याची कवायत का नको?

भाचा शेवटी वैतागला. त्याचेही मुद्दे होते, सांगते, नाहीतर म्हणाल आत्याने पोराला बोलू दिलं नाही. तो म्हणाला, एक, प्रत्येक प्रतीला पैसे लागतात. दोन, कवायतीतच काही बिघडलं तर चालू कारभार बंद पडेल आणि नोकरी आमची जाईल. तीन, प्रती जितक्या जास्त तितक्या चोराला वाटा जास्त.

तिन्ही खरे आहेत. तिसऱ्यावर तर मी निरुत्तरच झाले होते क्षणभर. पण उत्तर आहे. प्रती दहा नकोत, दोन-तीनच हव्यात, कडीकुलपात, पण तपासलेल्या. न तपासलेल्या दहांनी चोराचीच सोय होते, मालकाची नाही. आणि कवायतीत बिघडेल ही भीती असेल तर खऱ्या संकटात नक्कीच बिघडणार, फक्त तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील आणि कोणी तयारीत नसेल. पैशांचं म्हणाल तर बहिणीच्या एका नावासाठी आम्ही जे खेटे घातले त्याचा हिशोब कोणाच्या खात्यात धरलाय?

मग तोच जरा नरमून म्हणाला, "आत्या, काही ठिकाणी एक प्रत मुद्दाम काही तास मागे ठेवतात. चूक तिथे पोचायच्या आत थांबवता यावी म्हणून. आणि बॅकअप वेगळा, जो जोडलेलाच नसतो." पाहा! म्हणजे या लोकांना सगळं माहीत आहे. फक्त विचारणारं कोणी नाही.

तर आपण विचारू या. तुमच्या बँकेत, पतपेढीत, सोसायटीत, शाळेत, ग्रामपंचायतीत. "कॉपी आहे का?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर "हो"च येणार. असं विचारा : दुसऱ्या प्रतीवरून शेवटचं काम कधी करून पाहिलं, तारीख सांगा. मूळ आणि नक्कल शेवटची कधी जुळवली, तारीख सांगा. आणि आजची चूक जिथे आज पोचू शकणार नाही अशी एक प्रत कुठे आहे, जागा सांगा. दोन तारखा आणि एक जागा. याहून जास्त तांत्रिक ज्ञान लागत नाही. जो तारीख सांगू शकत नाही, त्याच्याकडे कॉपी नाही असं खुशाल समजा.

आणि जुने कागद स्कॅन झाले म्हणून मूळ फाडू नका, कार्यालयांनीही नको, आपण तर नकोच. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदी शोधायला शेवटी जुनी मोडी दप्तरंच उघडावी लागली. ती शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाने "अडगळ" म्हणून जाळली नाहीत, म्हणून.

असो. फार लिहिलं, मान दुखायला लागली.

दादा, ट्रंक रद्दीत जाणार नाही. उलट या मे महिन्यात तू ये, धाकटीला घेऊन ये. आपण तिघं ओटीवर बसू. मी ट्रंकेतला कागद वाचीन, भाचा मोबाइलवरचा सातबारा वाचेल, तू लाल पेन्सिलने टिकमार्क कर. झेरॉक्सचा एक संच तुझ्याकडे ठाण्याला, एक धाकटीकडे. त्याच कपाटात नको.

आणि ब्लॉगवाल्या मंडळींनो, तुम्हीही. इथे इतकी वर्षं आपण जे लिहीत आलो, त्याची प्रत तुमच्याकडे आहे का? शेवटची कधी उघडून पाहिलीत? मी काल माझी उघडायला गेले. सीडी निघाली, पण ती घालायला घरात ड्राइव्हच नाही.

भाच्याला सांगू नका.